एकही चूक नाही

मास्तर म्हातारपणी भुयारात उतरून राक्षस मारतात, ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरली तेव्हा तिच्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात झुरळ मारायलाही शेजाऱ्यांना हाक मारली, तो राक्षसाच्या वाटेला कशाला जाईल? पण बातमी खरी होती. दर रविवारी संध्याकाळी चहाची कपबशी धुऊन पालथी घातली की मास्तर टीव्हीसमोर खुर्ची ओढायचे, चष्मा पुसायचे आणि भुयारात उतरायचे.

हे खूळ त्यांच्या लेकीचं. ती दूरच्या शहरात नोकरीला. बापलेकीचं फोनवरचं बोलणं ठरलेलं असायचं. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले. गोळी घेतलीत?" "घेतली." मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकायचे आणि "बरं, ठेवू?" "ठेव" असं म्हणून सुटका करून घ्यायचे. पूर्वी हा फोन मास्तरांची बायको चालवायची. लेकीचं मास्तरांना सांगायची, मास्तरांचं लेकीला सांगायची, आणि मास्तर जे बोललेच नाहीत तेही पदरचं घालून सांगायची. ती गेली आणि फोनमधलं मधलं माणूसच गेलं. उरलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायचं फार होतं. ते कसं करतात, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मागच्या सुट्टीत लेक आली ती एक डबा घेऊनच. तिने तो टीव्हीला जोडला, मास्तरांच्या हातात बटणांचं एक यंत्र दिलं आणि म्हणाली, "बाबा, आपल्याला बोलायला काही सुचत नाही ना? मग खेळू या. मी तिकडून, तुम्ही इकडून."

"या वयात?"

"वयाचं काय त्यात? उभं कुठे राहायचंय तुम्हाला."

खेळ असा होता. दोन छोटी माणसं हातात पिवळे कंदील घेऊन एका भुयारात शिरतात. मागे नगारा वाजत असतो. पाऊल टाकायचं ते नगाऱ्याच्या ठोक्यावर, तलवार चालवायची ती ठोक्यावर, उडी मारायची तीही ठोक्यावर. ठोका चुकला की माणूस अडखळतो आणि अडखळलेल्या माणसाला भुयारातले राक्षस सोडत नाहीत. एक जण पडला तर दुसऱ्याने त्याच्याशेजारी उभं राहून ठोक्यावर टाळ्या वाजवायच्या, म्हणजे पडलेला उठतो. दोघंही पडले तर सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात. आणि ती पहिली खोलीसुद्धा मागची नाही. दर खेपेला खोल्या नव्या, वाटा नव्या, खड्डेही नव्या जागी. सगळ्यांत तळाला एक अगडबंब घंटा घेऊन बसलेला राक्षस. त्याला मास्तरांनी 'घंटाबुवा' असं नाव ठेवलं. त्याला लोळवला की खेळ जिंकला.

"म्हणजे पाठांतराचा काही उपयोग नाही," मास्तर म्हणाले.

"अजिबात नाही."

"मग उपयोग कशाचा?"

"तालाचा, बाबा."

हा शब्द ऐकला आणि मास्तर खुर्चीत सरळ होऊन बसले. कारण ताल म्हणजे त्यांचा प्रांत. टायपिंगचा क्लास बंद पडेपर्यंत त्यांनी टेबलावर लाकडी पट्टी आपटून शेकडो बोटांना ताल शिकवला होता. टक्, टक्, टक्. भरभर टाइप करणाऱ्याचं त्यांना कौतुक नव्हतं. एकसारखं करणाऱ्याचं होतं. त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता: डोळ्यांनी अक्षर घ्यायचं, अर्थ घ्यायचा नाही. अर्थ वाचलात की अडखळलात. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की, एकदा क्लासच्या जागेच्या मालकाने टाइप करायला आणलेली नोटीस त्यांनी एका बैठकीत बिनचूक टाइप करून दिली. ती नोटीस जागा खाली करण्याबद्दल आपल्यालाच बजावलेली आहे, हे त्यांना ती पोस्टाने घरी आली तेव्हा बायकोने वाचून दाखवल्यावर कळलं. त्याही वेळी मास्तर आधी म्हणाले होते, "समास बघ किती सारखा आलाय."

ताल होता, पण हातातलं यंत्र मात्र मास्तरांच्या तत्त्वांना सोडून होतं. अंगठ्याचं काम स्पेसबार दाबणं, बाकी त्याने गप्प पडून राहावं, असं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलेलं. आणि इथे सगळा कारभार अंगठ्यांच्या हाती! आठ शिकलेली बोटं यंत्राखाली नुसती आधाराला. मास्तरांना सुरुवातीला हा त्या आठ जणांचा अपमान वाटला. सुट्टी संपायच्या आत त्यांनी तो गिळला.

लेक परत गेली आणि वायरीचं प्रकरण सुरू झालं. हा खेळ दोन गावांतून खेळायचा तर घरात चांगलं इंटरनेट हवं, त्याची वायर गच्चीवरून खाली यायला हवी, आणि गच्चीवरून काहीही खाली यायचं तर सोसायटीची परवानगी हवी. सेक्रेटरी म्हणजे कागदाशिवाय 'नमस्कार'ही न घेणारा गृहस्थ. त्यांनी अर्ज मागितला. मास्तरांनी अर्ज सुरेख टाइप केला. टाइप केलेल्या कागदावर खोटं लिहायचं नाही या बाण्याने, वायर कशासाठी हवी त्यापुढे त्यांनी लिहिलं: मुलीसमवेत भुयारात जाण्यासाठी.

सेक्रेटरी संध्याकाळी अर्ज हातात घेऊन दारात हजर.

"मास्तर, खोदकामाला परवानगी नाही."

"खोदकाम कुठे आहे? भुयार टीव्हीत आहे."

"टीव्हीत असो की कपाटात. कमिटीपुढे भुयार हा शब्द गेला की पायाचा प्रश्न येणार. पायाचा प्रश्न आला की इंजिनीयर येणार."

"मग काय लिहू?"

"कौटुंबिक कारण लिहा. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही."

मास्तरांनी तसं लिहिलं. वर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब कमिटीवर होते. त्यांनी अर्ज चष्मा बदलून दोनदा वाचला, 'कौटुंबिक' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि बैठकीत विचारलं की मास्तर एकटे राहतात, मग कुटुंब कोणतं? मास्तर नुसते समोरच्या भिंतीकडे बघत बसले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनीच म्हणाल्या, "अहो, लेक आहे की त्यांची. द्या ना परवानगी." तेव्हा कुठे ठराव झाला. आलेल्या वायरवाल्याने गच्चीतून वायर सोडली ती आधी मॅनेजरसाहेबांच्या न्हाणीघरात गेली, हा भाग इथे वगळतो, कारण त्याची चौकशी अजून चालू आहे.

तर रविवार सुरू झाले. खेळताना बोलता येत नसे. बोलण्यासाठी कानांवर हेडफोन चढवले की मास्तरांच्या कानातलं ऐकायचं यंत्र शिट्टी घालायचं. फोन चालू ठेवून खेळावं, तर लेकीच्या घरचा नगारा मास्तरांना अर्धा ठोका मागे ऐकू यायचा, आणि एका खोलीत दोन नगारे म्हटल्यावर माणसाने कोणाचं ऐकावं? म्हणून दोघं मुकाट्याने खेळायचे. त्याने काही बिघडलं नाही, कारण मुकाट्याने बसण्याचा दोघांनाही सराव होता.

लेक मात्र खेळायला अगदीच कच्ची निघाली. मास्तरांचा ठोका चुकत नसे. त्यांचं डावं-उजवं चुके. लेकीचा ठोकाच मुळात उशिराचा. ती खड्ड्यासमोर यायची, थांबायची, विचार करायची आणि मग उडी मारायची ती थेट खड्ड्यात. मास्तर तिच्याशेजारी उभे राहून टाळ्या वाजवायचे. ती उठायची, चार पावलं टाकायची आणि एखाद्या फडतूस वटवाघळाच्या तोंडी जायची. मास्तर पुन्हा टाळ्या. मास्तर पडले की मात्र पंचाईत. लेकीच्या टाळ्या ठोक्याला लागायच्या नाहीत, आणि मास्तर जमिनीवर पडल्या पडल्या आपल्या उठण्याची वाट बघत राहायचे. तिसऱ्या-चौथ्या खोलीपलीकडे हे दोघं कधी गेले नाहीत.

खेळ संपला की मास्तर फोनवर निरोप पाठवायचे. "दुसऱ्या खोलीत तीनदा चुकलीस. पाऊल उशिरा पडतं. मनात मोजत जा." तिकडून यायचं, "हो बाबा." मास्तरांच्या दृष्टीने हे बायको गेल्यानंतरचं सगळ्यांत लांब बोलणं होतं. सोमवारपासून ते पुढच्या रविवारच्या सूचना मनात जुळवायला लागायचे. भाजी निवडताना, दळण आणताना, कोणाशी न बोलता गेलेल्या दुपारी, त्यांच्या मनात लेक चुकत असायची आणि ते तिला सांगत असायचे.

आता मास्तर ताल धरायचे ते पायाने. हा पाय खालच्या वहिनींच्या छतावर पडायचा. एके दिवशी त्या वर आल्या.

"भाऊजी, दर रविवारी माझ्या डोक्यावर काय कुटता?"

"कुटत नाही. ताल धरतो."

"माझा दिवा हलतो त्याने."

"एकसारखा हलतो ना?" मास्तरांनी काळजीने विचारलं.

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पायाखाली जुनी गोधडी घालायचा सल्ला देऊन त्या गेल्या. मॅनेजरसाहेबांनी सुचवलं की मास्तरांनी पाय वर घेऊन खेळावं. सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की, ठोक्याबद्दल रीतसर तक्रार आली तरच गोधडीचा विचार करता येईल. मास्तरांनी गोधडी घातली. दिवा थोडा कमी हलायला लागला.

आणि मग एका रविवारी चमत्कार झाला. खेळ सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत काही मजकूर आला आणि त्याखाली 'ओके' आलं. मास्तरांच्या डोळ्यांनी अक्षरं घेतली, अंगठ्याने 'ओके' दाबलं. भुयार उघडलं. शेजारी लेक उभी होती, पण तिच्या हातातला कंदील आज निळा होता. लहानपणापासून तिला निळा रंग आवडायचा. छत्री निळी, दप्तर निळं. बदलला असेल, मास्तर म्हणाले.

नगारा वाजला आणि लेक चालायला लागली. काय ते चालणं! प्रत्येक पाऊल ठोक्यावर. खड्डा आला, उडी ठोक्यावर. वटवाघळं आली, तीन ठोक्यांत तीन आडवी. मास्तर बघतच राहिले आणि बघता बघता स्वतःच खड्ड्यात पडले. लेक वळली, शेजारी आली, टाळ्या वाजवल्या आणि मास्तर क्षणात उभे. चौथी खोली गेली, पाचवी गेली, कधी न पाहिलेले जिने लागले. मास्तरांचा ऊर भरून आला. इतके दिवस सांगितलेलं कुठेतरी पोचलं होतं.

खेळ संपल्यावर त्यांनी फोन हातात घेतला आणि कधी न केलेली गोष्ट केली. मास्तरांनी आयुष्यात कोणाला 'छान' म्हटलं नव्हतं. चुका काढणं हीच त्यांची शिकवण्याची रीत होती. ज्या कागदावर खूण नाही तो छान, हे विद्यार्थ्याने समजून घ्यायचं. लेक शाळेत पहिली आली तेव्हाही त्यांनी प्रगतिपुस्तकावरची तारीख चुकली आहे एवढंच दाखवलं होतं. पण त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं, "आज एकही चूक नाही केलीस. फार छान. अभिमान वाटला." पाठवताना त्यांचे कान गरम झाले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. शब्द नव्हते, नुसता अंगठा. मास्तरांना ते पटलं. हल्ली अंगठ्यालाच भाव आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा तो मजकूर, पुन्हा 'ओके', पुन्हा निळा कंदील आणि पुन्हा एकही चूक नाही. मास्तरांनी पुन्हा लिहिलं, "आजही अचूक. तुझ्यासारखी साथ मिळायला भाग्य लागतं." पुन्हा अंगठा. त्या आठवड्यात लेकीकडून एक पार्सल आलं: मऊ तळाच्या सपाता आणि चिठ्ठी, "बाबा, काळजी घ्या." वहिनींच्या दिव्याची गोष्ट तिला कळली कशी, याचं मास्तरांना नवल वाटलं. सपाता घालून ते बिल्डिंगभर फिरले आणि भेटेल त्याला लेकीच्या तालाबद्दल सांगत सुटले. "माझ्यापेक्षा पुढे गेली. आता तिला सांगण्यासारखं काही उरलं नाही."

हे शेवटचं वाक्य ते अभिमानाने म्हणायचे, पण घरी आल्यावर तेच त्यांना खुपायचं. खरंच काही उरलं नव्हतं. भुयारात आता त्यांना टाळ्या वाजवाव्या लागत नसत. रविवारचा निरोप एका ओळीत संपायचा. सोमवारी भाजी निवडताना मनात कोणी चुकत नसे, आणि घर पहिल्यासारखं शांत वाटायचं. शिष्य तयार झाल्यावर गुरूला असंच वाटत असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि मेथीची काडी पानांत टाकून पानं केरात टाकली.

असं करता करता दोघं एकदा घंटाबुवाच्या दारापर्यंत पोचले. मास्तरांना राहवेना. पुढच्या रविवारी त्यांनी चारचौघांना चहाला बोलावलं. मॅनेजरसाहेब, सेक्रेटरी, खालच्या वहिनी. घरात इतक्या खुर्च्या मांडल्याला बराच काळ लोटला होता. एक खुर्ची तर मांडताना हातातच आली, ती मास्तरांनी स्वतःला घेतली.

"लेकीला माहीत आहे का, आम्ही बघणार आहोत ते?" वहिनींनी विचारलं.

"सांगितलं नाही. उगाच बुजेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी डबा चालू केला. मजकूर आला. मास्तरांचा अंगठा 'ओके'कडे निघाला.

"थांबा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "न वाचता कशावर सही करता?"

"ते दर वेळी येतं."

"दर वेळी येतं म्हणूनच वाचायचं." मॅनेजरसाहेबांनी चष्मा बदलला, टीव्हीजवळ गेले आणि बँकेत अटी समजावून सांगायचे त्या आवाजात, एकेका शब्दाखाली बोट धरून, त्यांनी मजकूर मराठीत करून सांगितला. "तुमचा साथीदार आलेला नाही. त्याच्या जागी यंत्र खेळेल. यंत्राचा कंदील निळा असेल. चालेल का? ओके."

सेक्रेटरींनी कपातला चहा ढवळला. त्यात साखर कधीच विरघळून गेली होती.

"म्हणजे ही तुमची मुलगी नव्हे," मॅनेजरसाहेबांनी खुलासा केला. अटीचा अर्थ ग्राहकाला कळला याची खात्री करून घ्यायची त्यांची जुनी सवय.

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले. "सरावासाठी ठेवलंय ते. ती आज कामात आहे."

"मग मघाशी..."

"मॅनेजरसाहेब, तुमचा चहा निवतोय," वहिनी म्हणाल्या.

चहा झाला. सेक्रेटरींनी पाहुण्यांच्या चपलांबद्दल एक नियम सांगितला, तो सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकला, आणि मंडळी उठली. दार लावून मास्तर परत आले तेव्हा टीव्हीवर तो मजकूर तसाच होता. त्यांनी तो आता अर्थ घेऊन वाचला. सावकाश, पहिलीतल्या मुलासारखा. तुमचा साथीदार आलेला नाही. इतके रविवार हे वाक्य त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, त्यातल्या प्रत्येक अक्षराची जागा त्यांना पाठ होती. एका यंत्राला आपण 'तुझ्यासारखी साथ मिळायला भाग्य लागतं' असं लिहिलं, याची लाज वाटायला हवी होती. पण लाज नंतर आली. आधी आलं ते इतकंच की ती आली नव्हती, आणि आपल्याला ते कळलंसुद्धा नाही. मास्तरांनी टीव्ही बंद केला आणि मांडलेल्या खुर्च्या तशाच ठेवून त्यांतल्याच एका खुर्चीवर बसून राहिले.

त्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला नाही. ती येत नसेल तर तिला तिची कारणं असतील. म्हाताऱ्या बापाबरोबर दर रविवारी खड्ड्यात पडायचं, हे काही कोणाच्या नोकरीच्या करारात नसतं. पुढच्या रविवारी त्यांनी कपबशी धुतली, पालथी घातली आणि डबा चालू न करता पेपर उघडला. थोड्या वेळाने दार वाजलं. वहिनी होत्या.

"बरं वाटत नाही का?"

"बरा आहे. का?"

"दिवा हलला नाही." वहिनी आत आल्या, मांडलेल्या खुर्च्यांकडे त्यांनी पाहिलं आणि त्या एकेक भिंतीला लावायला लागल्या. "सवय झाली हो. आज खाली नुसतं शांत शांत. लेकीला फोन केलात?"

"तिला काम असेल."

"असेल किंवा नसेल. विचारलंत का?"

"तिने सांगायला हवं होतं, वहिनी."

"हवं होतं. आणि तुम्ही विचारायला हवं होतं. दोघंही सारखेच घुमे. तुमची बायको होती तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणायची, दोन मुक्यांच्यात माझा घसा दुखतो." वहिनींनी शेवटची खुर्ची लावली. "मी जाते. फोन करा."

वहिनी गेल्यावर मास्तरांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा घेतला. लेकीने पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. जेवलीस?"

"जेवले."

नेहमीसारखा श्वासांचा भाग आला. मास्तरांनी तो जाऊ दिला नाही. "तू नसलीस की तुझ्या जागी यंत्र खेळतं म्हणे. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तूच आहेस."

लेक म्हणाली, "म्हणजे? तुम्ही खरंच लिहिलं होतंत ते?"

"काय?"

"एकही चूक नाही. अभिमान वाटला. ते."

"मग खोटं कशाला लिहीन?"

"बाबा, मला वाटलं टोमणा मारताय." लेकीचा आवाज बारीक झाला. "त्या रविवारी मी कामावरून आले ती बसल्या जागी झोपून गेले. जागी झाले तर तुमचा निरोप. आज एकही चूक नाही केलीस. न आलेल्या माणसाला असं लिहिल्यावर मला काय वाटणार? वाटलं, किती रागावलेत. पुढच्या रविवारी यायचं धाडसच झालं नाही. मग तुम्ही लिहिलंत, तुझ्यासारखी साथ मिळायला भाग्य लागतं. मी रडले बाबा. मग त्या सपाता पाठवल्या. दर रविवारी तुमचा नवा टोमणा, आणि मला आणखीच तोंड दाखवायची लाज."

"पण तो टोमणा आहे असं तुला वाटलंच का?"

"तुम्ही मला आजपर्यंत कधी छान म्हणालात?"

मास्तरांना प्रगतिपुस्तकावरची तारीख आठवली, आणि ती नेमकी काय होती व काय हवी होती हेही आठवलं. पलीकडे लेक नाक पुसत होती. मधे बोलायला आता कोणी नव्हतं, तेव्हा जे काही सांगायचं ते स्वतःच सांगावं लागणार होतं.

"मला करमत नाही तुझ्याशिवाय," मास्तर म्हणाले. "ते यंत्र चुकतच नाही. त्याला मी काय सांगू?"

"येते," लेक म्हणाली. "आत्ता बसते. लावा टीव्ही."

मास्तरांनी डबा चालू केला आणि पडद्याकडे बघत राहिले. मजकूर आला नाही. भुयार उघडलं, शेजारी ती उभी होती आणि तिच्या हातात पिवळा कंदील होता. नगारा वाजायला लागला. मास्तरांनी पाऊल टाकलं. लेक थांबली, तिने विचार केला, ठोका जाऊ दिला आणि पहिल्याच खोलीतल्या पहिल्याच खड्ड्यात उडी घेतली.

मास्तर तिच्याजवळ गेले आणि टाळ्या वाजवायला लागले. ती उठली, पुन्हा पडली. ते पुन्हा तिच्याजवळ गेले. मागून काहीतरी येऊन मास्तरांवर पडलं, आणि दोघंही आडवे झाले. सगळा खेळ चहा निवायच्या आत आटोपला. सपाता कोपऱ्यात राहिल्या होत्या, गोधडी बाजूला सरकली होती आणि खाली वहिनींचा दिवा हलत असणार.

फोन वाजला.

"कसं खेळले?" लेकीने विचारलं.

"छान."

"बाबा, टोमणा?"

"नाही." मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "खेळलीस अगदी वाईट. पण तू होतीस."

तिकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. या वेळी तो मास्तरांना ऐकावासा वाटला.

"पुन्हा?" लेक म्हणाली.

"पुन्हा," मास्तर म्हणाले. "आणि पाऊल उशिरा पडतं तुझं. पडू दे."